वाचकांचे प्रश्न : डेट्रॉईटचा तेरावा मतदारसंघ

बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार जानेवारी २०२३पासून अमेरिकी काँग्रेसमध्ये मिशिगन राज्याच्या १३व्या मतदारसंघाचे प्रतिनिधी आहेत. तेव्हापासून या मतदारसंघाबद्दल बरीच पत्रं येत आहेत. त्यांतल्या निवडक प्रश्नांना इथे उत्तरं देत आहोत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : ठाणेदार निवडून आले, म्हणजे तिथे भारतीय मतदारांची संख्या मोठी असणार. तसं आहे का? (बेळगाव)

नाही. हा मतदारसंघ सगळाच्या सगळा वेन कौंटीत, म्हणजे वेन जिल्ह्यात, आहे. डेट्रॉईट शहराचा मोठा भाग आणि त्याच्या आसपासची हॅमट्रॅमिक, हायलंड पार्क, लिंकन पार्क, टेलर, रोम्युलस यांसारखी कामगारवस्तीची गावं त्यात येतात. सर्वांत मोठा गट कृष्णवर्णीय मतदारांचा आहे. हॅमट्रॅमिकमध्ये बांगलादेशी आणि येमेनी कुटुंबं बरीच आहेत. पण भारतीय मतांच्या जोरावर ही जागा कुणालाच जिंकता येणार नाही.

ठाणेदार १९७९मध्ये अमेरिकेत गेले, रसायनशास्त्रात पीएच.डी. झाले आणि पुढे रासायनिक चाचण्या करणाऱ्या कंपन्या त्यांनी चालवल्या. २०१८मध्ये गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत ते उतरले. प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, आणि तो उमेदवार श्रेष्ठी ठरवत नाहीत, मतदार ठरवतात. स्वतःचे पैसे पाण्यासारखे ओतूनही ते तिसरे आले. मात्र त्या प्रचारामुळे डेट्रॉईटमधल्या घराघरांत त्यांचं नाव पोहोचलं. २०२०मध्ये ते राज्याच्या प्रतिनिधिगृहात गेले आणि २०२२मध्ये काँग्रेसमध्ये.

२०२२च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत नऊ उमेदवार होते. ठाणेदारांना सुमारे २८ टक्के मतं पडली आणि दुसऱ्या क्रमांकावरच्या अ‍ॅडम हॉलियर यांना सुमारे साडेतेवीस. म्हणजे दर दहा मतदारांतल्या सातांनी ठाणेदारांना मत दिलं नव्हतं. मिशिगनमध्ये पन्नास टक्क्यांची अट नाही, दुसरी फेरीही नाही. ज्याला सर्वांत जास्त मतं, तो उमेदवार. इथे डेमोक्रॅटिक उमेदवारी मिळाली की नोव्हेंबरची निवडणूक जिंकल्यात जमा असते. त्यामुळे खरा निकाल ऑगस्टमध्येच लागतो. या जागेचा इतिहास वाचताना एवढी एक गोष्ट धरून ठेवली, तर बाकीच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा आपोआप होतो.

प्रश्न : १३व्या मतदारसंघाच्या प्रतिनिधींची यादी पाहिली. मध्येच अ‍ॅन आर्बरच्या बाई दिसतात, मग पुन्हा डेट्रॉईट. जॉन कॉन्यर्स यांच्या नावापुढे तर तीन वेगवेगळे क्रमांक आहेत. ते मतदारसंघ बदलत होते का? (पुणे)

कॉन्यर्स जागचे हलले नाहीत, क्रमांक हलले. १९६५ ते १९९३ त्यांचा मतदारसंघ १ला, १९९३ ते २०१३ १४वा आणि २०१३पासून १३वा. या सगळ्या काळात ते डेट्रॉईटचेच प्रतिनिधी होते.

कारण असं. दर दहा वर्षांनी जनगणना होते. काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहाच्या ४३५ जागा लोकसंख्येनुसार राज्यांना वाटल्या जातात आणि मग प्रत्येक राज्य आपल्या सीमारेषा नव्याने आखतं. मिशिगनकडे १९६० आणि १९७०च्या दशकांत १९ जागा होत्या. पुढच्या जनगणनांनंतर त्या १८, १६, १५, १४ अशा घटत गेल्या. २०२०च्या जनगणनेनंतर १३ उरल्या. जागा गेली की शेवटचा क्रमांक नाहीसा होतो आणि उरलेले क्रमांक नव्याने वाटले जातात. १३वा मतदारसंघ पहिल्यांदा अस्तित्वात आला तेव्हा, म्हणजे १९१५मध्येही राज्याला तेराच जागा होत्या. हा क्रमांक आज पुन्हा यादीत शेवटी येऊन थांबला आहे.

म्हणून यादी क्रमांकाने वाचू नये, जागेने वाचावी. १३ या आकड्याचे ढोबळ टप्पे असे. १९१५ ते १९३७ इथून सलग रिपब्लिकन निवडून आले. डेट्रॉईटची लोकसंख्या १९१०मध्ये ४,६५,७६६ होती, ती १९३०मध्ये १५,६८,६६२ झाली. पण १९२०च्या जनगणनेनंतर काँग्रेसने जागावाटपच केलं नाही, त्यामुळे हे फुगलेलं शहर १९३३पर्यंत जुन्याच रेषांत कोंबलेलं राहिलं. पुढे जागा दोन्ही पक्षांकडे फिरत राहिली. १९४९पासून हा क्रमांक अखंड डेमोक्रॅटिक पक्षाकडे आहे.

१९५४मध्ये चार्ल्स डिग्ज (धाकटे) यांनी विद्यमान प्रतिनिधी जॉर्ज ओब्रायन यांना प्रायमरीत हरवलं आणि मिशिगनमधून काँग्रेसवर गेलेले ते पहिले कृष्णवर्णीय प्रतिनिधी ठरले. डिग्ज यांच्याबद्दल थोडं अधिक लिहायला हवं. निवडून आल्यावर काही महिन्यांतच, १९५५मध्ये, मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाच्या खुनाचा खटला चालला, तेव्हा ते स्वतः तिथल्या न्यायालयात जाऊन बसले. मिसिसिपीतल्या कृष्णवर्णीयांना मतदार यादीत नाव घालणंही दुरापास्त होतं, अशा काळात डेट्रॉईटच्या प्रतिनिधीने तिथे हजर राहणं ही छोटी गोष्ट नव्हती. १९७१मध्ये काँग्रेसमधल्या कृष्णवर्णीय सदस्यांचा गट स्थापन झाला, त्याचे पहिले अध्यक्ष तेच. पण कर्मचाऱ्यांचे पगार कागदोपत्री वाढवून त्यातला हिस्सा परत घेतल्याप्रकरणी ऑक्टोबर १९७८मध्ये ते दोषी ठरले. नोव्हेंबरमध्ये मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं. सभागृहाने १९७९मध्ये ठपका ठेवला आणि जून १९८०मध्ये त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी एकाहत्तर वर्षांचे माजी न्यायाधीश जॉर्ज क्रॉकेट आले. १९९१मध्ये बार्बरा-रोझ कॉलिन्स.

१९९३मध्ये गोंधळ सुरू होतो. डेट्रॉईटची ही जागा १५वी झाली आणि १३ हा आकडा पश्चिमेकडे, अ‍ॅन आर्बरच्या बाजूला गेला. तिथले प्रतिनिधी आधी विल्यम फोर्ड आणि १९९५ ते २००३ लिन रिव्हर्स. तुम्हाला यादीत दिसल्या त्या याच. २००३मध्ये आकडा डेट्रॉईटला परतला. १५व्यातून निवडून येणाऱ्या कॅरोलिन चीक्स किलपॅट्रिक १३व्याच्या झाल्या. डेट्रॉईटचे महापौर असलेले त्यांचे चिरंजीव क्वामी किलपॅट्रिक यांना २००८मध्ये गुन्हा कबूल करून पद सोडावं लागलं. त्याचे पडसाद आईच्या जागेवर उमटले आणि २०१०च्या प्रायमरीत हॅन्सन क्लार्क यांनी त्यांना हरवलं. क्लार्क यांचे वडील मूळचे आजच्या बांगलादेशातले. पुढे कॉन्यर्स, मग रशिदा तलैब, मग ठाणेदार.

एखाद्या पत्त्याचा इतिहास काढायचा असेल तर असं करा. आधी वर्ष ठरवा. मग त्या दशकाचा नकाशा उघडा आणि पत्ता कुठल्या क्रमांकात पडतो ते पाहा. त्यानंतरच यादीत नाव शोधा. चूक हमखास होते ती २ आणि ३ने संपणाऱ्या वर्षांत. नव्या रेषांवर पहिली निवडणूक २०१२ किंवा २०२२सारख्या वर्षी होते, पण नवा प्रतिनिधी पुढच्या ३ जानेवारीला शपथ घेतो. तोवर जुन्या रेषा आणि जुना प्रतिनिधी कायम. नोव्हेंबर २०२२चा निकाल आणि नोव्हेंबर २०२२चा प्रतिनिधी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रश्न : ऑगस्ट २०१८मध्ये एकाच दिवशी, त्याच मतदारांनी, त्याच जागेसाठी दोन वेगळे उमेदवार निवडले असं वाचलं. छपाईची चूक आहे का? (नाशिक)

चूक नाही, तसंच झालं. लैंगिक छळाच्या आरोपांनंतर कॉन्यर्स यांनी ५ डिसेंबर २०१७ला राजीनामा दिला. त्यामुळे ७ ऑगस्ट २०१८ला दोन प्रायमरी एकत्र झाल्या. एक उरलेल्या काही आठवड्यांच्या मुदतीसाठी, दुसरी जानेवारी २०१९पासूनच्या पूर्ण दोन वर्षांसाठी.

उरलेल्या मुदतीच्या प्रायमरीत चार उमेदवार होते. त्यात डेट्रॉईट नगर परिषदेच्या अध्यक्ष ब्रेंडा जोन्स यांनी तलैब यांना १,६००हून जास्त मतांनी हरवलं. पूर्ण मुदतीच्या प्रायमरीत सहा उमेदवार होते आणि तिथे तलैब यांनी जोन्स यांना सुमारे ९०० मतांनी हरवलं. फरक पाडला तो जादा दोन नावांनी. पूर्ण मुदतीसाठी कोलमन यंग (धाकटे) आणि शनेल जॅक्सन हेही उभे होते. दोघेही डेट्रॉईटचे कृष्णवर्णीय नेते, आणि यंग तर शहराच्या पहिल्या कृष्णवर्णीय महापौरांचे चिरंजीव. ही दोन नावं नसलेल्या मतपत्रिकेवर त्यांची मतं तलैब आणि जोन्स या दोघींकडे गेली, पण जोन्स यांच्याकडे जास्त. तलैब यांची टक्केवारी साधारण ३१वरून ३६वर गेली, तर जोन्स यांची ३०वरून जवळपास ३८वर.

जोन्स २९ नोव्हेंबर २०१८ ते ३ जानेवारी २०१९ एवढे पाच आठवडे काँग्रेसच्या सदस्य होत्या. मग तलैब आल्या. अमेरिकी काँग्रेसमधल्या त्या पहिल्या पॅलेस्टिनी वंशाच्या महिला. मतांची फाटाफूट प्रतिनिधीच बदलून टाकते असं आपण नेहमी म्हणतो, पण ते मोजून दाखवता येत नाही, कारण तीच निवडणूक दोनदा घेता येत नाही. इथे ती घेतली गेली. अभ्यासकांनी याकडे अजून बारकाईने पाहायला हवं असं आम्हाला मनापासून वाटतं.

मिशिगनमध्ये असं आधीही घडलं आहे. नोव्हेंबर २०१२मध्ये शेजारच्या ११व्या मतदारसंघात उरलेल्या काही आठवड्यांसाठी डेमोक्रॅट डेव्हिड कर्सन निवडून आले आणि पूर्ण मुदतीसाठी रिपब्लिकन केरी बेंटिव्होलियो. तिथलं कारण निराळं होतं. पोटनिवडणूक जुन्या रेषांवर झाली आणि सार्वत्रिक निवडणूक नव्या रेषांवर. दोन्ही निकालांची तुलना करण्यापूर्वी कुठला नकाशा लागू होता ते तपासा, असं आम्ही सांगतो ते यासाठीच.

प्रश्न : कॉन्यर्स गेल्यावर जागा जवळजवळ वर्षभर रिकामी राहिली. गव्हर्नरने कुणाला नेमलं का नाही? (कोल्हापूर)

नेमता येत नाही. सिनेटची जागा रिकामी झाली तर बऱ्याच राज्यांत गव्हर्नर तात्पुरती नेमणूक करतो. प्रतिनिधिगृहाच्या जागेसाठी मात्र राज्यघटनेने निवडणूकच सांगितली आहे. ती कधी घ्यायची हे गव्हर्नर ठरवतो. आपल्याकडे पोटनिवडणुकीला साधारण सहा महिन्यांची कायदेशीर मर्यादा आहे. मिशिगनमध्ये रिक स्नायडर यांनी ती नेहमीच्या ऑगस्ट-नोव्हेंबरच्या वेळापत्रकालाच जोडली. खर्च वाचतो हे खरं, पण तोवर सात लाखांवर लोकांना सभागृहात मत नव्हतं आणि त्यावर झालेली टीका आमच्या मते रास्त होती. अशा काळात कार्यालय सभागृहाच्या क्लार्कच्या, म्हणजे सचिवासारख्या अधिकाऱ्याच्या, देखरेखीखाली चालू राहतं. पेन्शन, पासपोर्ट, व्हिसा अशा कामांत कर्मचारी मदत करतात. कायद्यावर मत देणारं मात्र कुणी नसतं.

प्रश्न : मतदारसंघांच्या सीमा आखणाऱ्या आयोगाने डेट्रॉईटची कृष्णवर्णीय जागा काढून घेतली असा आरोप वाचला. त्यात तथ्य किती? (मुंबई)

निकाल असा दिसतो : १९५५पासून डेट्रॉईटचा किमान एक कृष्णवर्णीय प्रतिनिधी काँग्रेसमध्ये कायम होता. जानेवारी २०२३मध्ये ही परंपरा खंडित झाली. पण एकट्या आयोगावर खापर फोडून चालणार नाही.

आधी लोकसंख्या पाहू. १९५०मध्ये डेट्रॉईटमध्ये १८,४९,५६८ माणसं होती, २०२०मध्ये ६,३९,१११ उरली. आज मिशिगनच्या प्रत्येक मतदारसंघात ७,७५,१७९च्या आसपास लोक असावे लागतात. संख्या इतकी काटेकोर सारखी ठेवण्याची सक्ती सर्वोच्च न्यायालयाच्या १९६४च्या वेसबेरी निकालापासून आहे. त्याआधी मिशिगनमध्येच एका मतदारसंघात आठ लाखांवर लोक होते, तर दुसऱ्यात दोन लाखसुद्धा नव्हते. त्या निकालानंतर रेषा बदलल्या, डेट्रॉईटमध्ये दुसरी कृष्णवर्णीय बहुसंख्य जागा तयार झाली आणि तिथून कॉन्यर्स आले. आज अख्खं शहर मिळूनही एक मतदारसंघ भरत नाही. उपनगरं जोडावीच लागतात.

आता आयोग. २०१८च्या सार्वमतात मतदारांनी आखणीचं काम आमदारांकडून काढून १३ नागरिकांच्या आयोगाकडे दिलं. ४ डेमोक्रॅट, ४ रिपब्लिकन, ५ कुठल्याच पक्षाचे नसलेले. आलेल्या अर्जांतून चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड. नकाशा मंजूर व्हायला बहुमत आणि तिन्ही गटांतून प्रत्येकी किमान दोन मतं लागतात. निकषांचा क्रमही ठरलेला आहे. समान लोकसंख्या आणि मताधिकार कायदा सर्वांत वर, समान हिताच्या वस्त्या एकत्र ठेवणं त्यानंतर, आणि गावं-कौंटींच्या हद्दी पाळणं बरंच खाली. डेट्रॉईटची शहरहद्द का मोडली गेली, याचं उत्तर या क्रमातच आहे.

२०११मध्ये आमदारांनी आखलेल्या नकाशात कृष्णवर्णीय मतदार दोन जागांत दाटीने भरले होते. त्यांतला १४वा मतदारसंघ डेट्रॉईटपासून पॉन्टिॲकपर्यंत वळणं घेत गेला होता. डिसेंबर २०२१मध्ये ‘चेस्टनट’ नावाचा नवा नकाशा मंजूर झाला. त्यात ही दाटी मोडली आणि १२ व १३ या दोन्ही जागांत कृष्णवर्णीय मतदार निम्म्याच्या खाली आले. पुढच्याच महिन्यात १४व्याच्या ब्रेंडा लॉरेन्स यांनी निवृत्ती जाहीर केली. तलैब लगेच नव्या १२व्यात उभ्या राहिल्या आणि १३वा मोकळा झाला. त्यात बरेच कृष्णवर्णीय उमेदवार उतरले, मतं विभागली आणि बाहेर पडलं ते २८ टक्क्यांचं विजयपत्र. नकाशाने दार उघडलं, गर्दीने निकाल ठरवला. आमचं मत असं की एक ठळक उमेदवार असता, तर याच नकाशावर निकाल वेगळा लागण्याची शक्यता होती.

एक गल्लत टाळा. डिसेंबर २०२३मध्ये संघीय न्यायालयाने डेट्रॉईट परिसरातले १३ मतदारसंघ वंशाच्या आधारावर आखले म्हणून रद्द केले. ते राज्य विधिमंडळाचे होते, ७ प्रतिनिधिगृहाचे आणि ६ सिनेटचे. काँग्रेसच्या १३व्याशी त्या आकड्याचा संबंध नाही.

प्रश्न : सह्या कमी पडल्या म्हणून उमेदवार बाद होतात म्हणजे काय? (सोलापूर)

काँग्रेसच्या प्रायमरीत नाव यायला पक्षाच्या उमेदवाराला मतदारसंघातल्या किमान १,००० नोंदणीकृत मतदारांच्या सह्या एप्रिलपर्यंत द्याव्या लागतात. २,०००च्या वर देता येत नाहीत. सही करणारा हद्दीबाहेरचा निघाला, त्याची नोंदणी नसली, तारीख किंवा पत्ता चुकला, किंवा सह्या गोळा करणाऱ्याने स्वतःची सही आधी करून ठेवली आणि मतदारांच्या नंतर घेतल्या, तर त्या सह्या बाद होतात. डेट्रॉईटमध्ये एकाच रस्त्याच्या दोन बाजू दोन मतदारसंघांत असू शकतात. त्यामुळे दारोदार फिरणाऱ्याच्या हातात पत्त्यांची यादी हवीच.

२०१४मध्ये पन्नास वर्षांची कारकीर्द गाठीशी असलेले कॉन्यर्सच यात अडकले. त्यांच्यासाठी सह्या गोळा करणारे काही जण स्वतः नोंदणीकृत मतदार नव्हते. त्यांनी आणलेल्या सह्या गळल्या आणि आकडा हजाराच्या खाली गेला. शेवटी संघीय न्यायाधीशांनी ती अट घटनेत बसत नाही असं म्हणून त्यांचं नाव मतपत्रिकेवर परत घ्यायला लावलं. २०२४मध्ये हॉलियर यांची गत वेगळी झाली. त्यांनी दीड हजारावर सह्या दिल्या होत्या. तपासणीत एकाच हातच्या वाटणाऱ्या सह्या सापडल्या आणि वैध फक्त ८६३ उरल्या. तिथे न्यायालयाचा आधार मिळण्यासारखं काही नव्हतं. ते बाद झाले, मैदानात तिघेच राहिले आणि ठाणेदार निम्म्याहून अधिक मतं घेऊन जिंकले. जाणते प्रचारक दोन हजारांच्या जवळ जातात आणि अर्ज देण्याआधी प्रत्येक सही मतदार यादीशी ताडून बघतात. पैसे देऊन सह्या जमवल्या असतील तर ही पडताळणी टाळूच नये.

प्रश्न : आम्ही नोव्हायला राहतो, भाऊ कँटनला. आम्हाला ठाणेदारांना मत देता येईल का? (मिशिगन)

दोघांनाही नाही. नोव्हाय ओकलंड कौंटीत आहे. कँटन वेन कौंटीत असलं तरी १३व्याच्या बाहेर आहे. मतदानाचा हक्क फक्त अमेरिकी नागरिकांना आहे. ग्रीन कार्ड असलेल्याने चुकून नोंदणी करून मत दिलं तर तो गुन्हा ठरतो आणि देशाबाहेर काढलं जाण्यापर्यंत वेळ येऊ शकते. वाहन परवान्याच्या कार्यालयात नोंदणीबद्दल विचारलं तर स्पष्ट नकार द्या.

नागरिक असाल तर तुमच्या मतदारसंघाची प्रायमरी सम वर्षांत ऑगस्टच्या पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी असते. मिशिगनमध्ये पक्षसदस्य म्हणून नोंदणी करावी लागत नाही. मतपत्रिकेवर पक्षांचे रकाने शेजारी शेजारी असतात आणि तुम्ही एकाच रकान्यात राहायचं असतं. एक खूण इकडे आणि एक तिकडे झाली, तर त्या भागातली तुमची सगळी मतं बाद. केंद्रावर यंत्र हे पकडतं आणि नवी मतपत्रिका मागता येते. टपालाने मत पाठवणाऱ्याला ही सूचना मिळत नाही, म्हणून पाकीट बंद करण्यापूर्वी रकाना पुन्हा एकदा पाहा. नोंदणी राहून गेली असेल तर निवडणुकीच्या दिवशी रात्री आठपर्यंत गावाच्या क्लार्कच्या कार्यालयात जाऊन करता येते. राहत्या पत्त्याचा पुरावा सोबत न्या. वीजबिल किंवा बँकेचं पत्रक चालतं.